उडालेला पारा

पंचवटीहून रामसेतूवरून गोदावरी ओलांडली की भांडी बाजार लागतो आणि त्याला लागून सराफ बाजार. पेढ्यांची शटर वर जायच्या आधीच या गल्ल्यांतले एक काम उरकलेले असते. खराटा, कुंचा आणि घमेले घेऊन आलेली माणसे पायऱ्यांच्या फटी, गटारांच्या कडा, कारागिरांच्या खोल्यांपुढच्या मोऱ्या खरवडून गाळ गोळा करतात. कानस फिरवताना उडालेले, डाग उजळताना पाण्याबरोबर गेलेले, कारागिराने उठताना मांडीवरून झटकलेले सोन्याचे कण त्या गाळात असतात. ही माणसे झारेकरी. पाण्यात हेलकावे देत हलके वाहू द्यायचे आणि जड तळाशी राखायचे, ही त्यांची विद्या. नदीच्या पंचवटीकडच्या काठावर, रामकुंडात, या विद्येचेच दुसरे रूप दिसते. मृताच्या मुखात तुळशीपत्राबरोबर सोन्याचा कण ठेवायची आपल्याकडे रीत आहे. तो रक्षेबरोबर पाण्यात जातो, आणि गाळ चाळून तो शोधणारे हातही या घाटावर आहेत.

लहान प्रमाणावर सोने काढणाऱ्या माणसांना पाऱ्यामुळे होणारी दीर्घकालीन विषबाधा हा या पुस्तकाचा विषय. हे शब्द ऐकले की वाचक मनाने ॲमेझॉनच्या खोऱ्यात किंवा टांझानियात जाऊन पोहोचतो. तिथे आपल्याला जायचेच आहे. तरी मी तुम्हाला आधी सराफ बाजारात उभे केले, कारण हा आजार दूरचा आहे असे धरून चालणे ही या विषयात येणाऱ्याची पहिली चूक असते, आणि ती पुढे फार काळ सुटत नाही.

खाण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोलार येते: खोल विवर, पाळण्यातून उतरणारे मजूर, पाळीचा भोंगा. कोलारच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. आज जगात सोने काढणारी बहुसंख्य माणसे अशा कंपनीच्या खाणीत नाहीतच. फावडे, टोपले आणि पन्हाळ घेऊन ती स्वतःच्या हिमतीवर काम करतात. सत्तरहून अधिक देशांत मिळून त्यांची संख्या दीड कोटीच्या आसपास धरली जाते. आपल्याही भाषेच्या मुलखात अशी माणसे होती आणि आहेत. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो ग्रंथ काढला, त्यात नदीच्या वाळूतून सोने धुणाऱ्या सोनझाऱ्यांची नोंद आहे, आणि ते जिथे राहतात त्या जिल्ह्यांत बालाघाट, मंडला यांच्याबरोबर चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर, आहे. झारेकरी आणि सोनझारी या दोन्ही नावांत झारणे हे एकच क्रियापद आहे. एकाची नदी डोंगरातून येते, दुसऱ्याची सोनाराच्या मोरीतून. हातांची हालचाल तीच.

पारा या कामात येतो कुठे, ते नीट पाहून घेऊ. पेढ्यांतून आणि गल्लीतून गोळा केलेला कचरा आधी जाळतात. कागद, केस, मेण, कापूस जळून राख उरते. ती पुन्हा पुन्हा झारली की तळाशी काळसर, जड चूर राहतो. लोखंडाचा कीस लोहचुंबकाने काढता येतो; तांबे, चांदी आणि नजरेला न दिसणारे सोने मात्र बोटांनी वेचता येत नाही. मग ओल्या चुरात पारा घालून तो हाताने मळतात. पारा सोन्याचा कण न् कण आपल्यात ओढून घेतो आणि वाळू-माती बाहेर ठेवतो. हे मळलेले फडक्यात घालून पिळले की जादा पारा कापडातून थेंब थेंब गळतो आणि आत राखाडी, घट्ट लोण्यासारखा गोळा राहतो. त्यात वजनाने साधारण निम्मे सोने आणि निम्मा पारा असतो. हा गोळा खापरावर किंवा मुशीत ठेवून खालून जाळ दिला की पारा निघून जातो आणि भुरकट, सच्छिद्र सोने मागे राहते. पुढचे तेजाब, सवागी आणि आटणी हे नेहमीचे सोनारकाम.

पारा ३५७ अंशांना उकळतो. सोने वितळायला १०६४ अंश लागतात. या दोन आकड्यांमधल्या अंतरावर हा सारा धंदा उभा आहे. स्वस्त, सोपा, एकट्या माणसाला तासाभरात जमणारा. पाऱ्याला नावे ठेवणाऱ्याने आधी हे कबूल केले पाहिजे की गरीब माणसाच्या हातात सोने सुटे करण्याचे याहून सोयीचे साधन क्वचितच आले आहे. हे कबूल न करता जो झारेकऱ्याला उपदेश करायला जातो, त्याचे कोणी ऐकत नाही, आणि ते बरोबरच आहे.

जाळ दिल्यावर पाऱ्याचे काय होते? काम करणारा सांगतो, “उडाला.” मराठीत रंग उडतो, झोप उडते, पैसा उडतो, उडाले ते गेले. या एका क्रियापदापाशी हा आजार दडून बसलेला आहे, असे मला वाटते. उडालेला पारा गेलेला नसतो. तो कुठे कुठे जाऊन बसतो, किती दिवस राहतो आणि कोणाच्या अंगात शिरतो, याचा माग काढणे एवढेच या शास्त्राचे काम. बाकीचे सगळे तपशील त्यातून निघतात.

एक साधा हिशेब करू. दहा बाय दहाची, नऊ फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात सुमारे २५ घनमीटर हवा मावते. एक ग्रॅम सोने मोकळे करायला साधारण एक ग्रॅम पारा उडवावा लागतो. पारा इतका जड की एक ग्रॅमचा थेंब जेमतेम तुरीच्या दाण्याएवढा. जागतिक आरोग्य संघटनेने हवेतल्या पाऱ्यासाठी सुचवलेली मर्यादा वर्षाच्या सरासरीने घनमीटरमागे १ मायक्रोग्रॅम आहे. त्या दाण्याएवढ्या थेंबाला या पातळीपर्यंत विरळ करायचे तर दहा लाख घनमीटर हवा लागेल, म्हणजे अशा चाळीस हजार खोल्यांची. मर्यादा वर्षभराची आहे आणि धूर काही मिनिटांचा, हे खरे. तरी केवढ्या अंतराबद्दल आपण बोलतो आहोत ते यावरून कळावे. शिवाय एवढी वाफ खोलीच्या हवेत मावतही नाही. निवताना तिचा काही भाग भिंतींवर, छताच्या पत्र्यावर, दोरीवरच्या कपड्यांवर, घडी करून ठेवलेल्या अंथरुणावर सूक्ष्म थेंब होऊन बसतो. पारा साध्या तापमानालाही हळूहळू वाफ होत राहतो, आणि नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत अधिक वेगाने. त्यामुळे जाळ विझला, माणसे जेवायला बसली, मुले झोपली, तरी खोली आपले काम करत असते.

लोकांची भीती मात्र नेमकी उलट्या जागी असते. पारा हाताला लागला, चुकून गिळला गेला, की घाबरायचे. वाफेला रंग नाही, वास नाही, तिच्याकडे लक्ष जात नाही. प्रत्यक्षात गिळलेला धातुरूप पारा आतड्यातून एक शतांश टक्क्याहूनही कमी शोषला जातो आणि बहुतेक तसाच बाहेर पडतो. श्वासातून आत गेलेल्या वाफेचा मात्र सुमारे ८० टक्के भाग शरीर ठेवून घेते. रक्तात शिरलेली ही वाफ काही काळ आपल्या मूळ रूपात, विद्युतभाराविना असते, आणि तेवढ्या अवधीत मेंदूभोवतीचा पडदा ओलांडते. गर्भारपण असेल तर वारेतून बाळापर्यंत पोहोचते. आत गेल्यावर पेशींमध्ये तिचे ऑक्सिडीकरण होते, तिला भार येतो, आणि आलेल्या वाटेने परतणे तिला अवघड होऊन बसते. मूत्रपिंडात पारा सर्वांत जास्त साठतो. शरीरातल्या पाऱ्यापैकी निम्मा बाहेर पडायला साधारण दोन महिने लागतात. मेंदूतला त्याहून पुष्कळ चिवट असतो.

आता एक माणूस डोळ्यांसमोर आणा. तो कोणी एक नाही. मी त्याला वैद्यकीय नोंदींतल्या लक्षणांतून जुळवला आहे. वय पंचेचाळीस. गेली वीस वर्षे धूळ धुतो, गोळा तापवतो. तोंडाला धातूची चव येते, लाळ जास्त सुटते, हिरड्या सुजतात, दात हलू लागले आहेत. तो दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन येतो. रात्री झोप लागत नाही. बोटांना बारीक कंप आहे. मुलाच्या शाळेच्या कागदावर सही करताना अक्षर वेडेवाकडे येते, आणि कोणी पाहत असेल तर आणखी बिघडते. लोक म्हणतात, दारू वाढली. तो पीत नसला तरी म्हणतात. हळूहळू तो चारचौघांत जायचे टाळतो. पूर्वी भावाच्या घासाघिशीत मागे न हटणारा माणूस आता समोरच्याच्या नजरेला नजर देत नाही, मग घरी येऊन क्षुल्लक गोष्टीवर ताट भिरकावतो. बायको म्हणते, यांचा स्वभावच बदलला. पायांवर सूज येते, लघवीत प्रथिने सापडतात, आणि मूत्रपिंडाचा आजार म्हणून वेगळी फाइल उघडली जाते. तीन डॉक्टर, तीन कागद. पारा एकाही कागदावर नाही.

यातले स्वभाव बदलण्याचे लक्षण मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. वैद्यकाने त्याला स्वतंत्र नाव दिले आहे, पण आपल्याकडे ‘बुजणे’ हा शब्द आहे आणि तो अधिक नेमका आहे. बैल बुजतो, लहान मूल बुजते. पाऱ्याने मोठा माणूस बुजतो. कंप दिसतो, सूज दिसते, पण बुजलेपण हा आजार आहे हे कोणाच्याही मनात येत नाही. त्याचे खापर माणसाच्या चारित्र्यावर फुटते. विष मेंदूत गेलेल्या माणसाला आळशी, भित्रा, तापट ठरवून घर आणि बाजार दोन्ही मोकळे होतात. या पुस्तकाच्या वाचकाने एवढे एक जरी मनाशी धरले, तरी पुढची प्रकरणे त्याला वेगळी वाचता येतील.

कंपाबद्दल थोडे आणखी. पार्किन्सनच्या आजारात हात स्वस्थ ठेवला असताना कंप दिसतो. पाऱ्याचा कंप बहुधा काही करायला गेले की वाढतो: पेला तोंडाशी नेताना, सुईत दोरा ओवताना. पापण्या आणि ओठही थरथरतात. थायरॉइडचा आजार, दारू सोडल्यानंतरचा कंप, काही औषधांचे परिणाम, या सगळ्या शक्यता पडताळाव्या लागतात. पण पडताळणीच्या आधी एक प्रश्न विचारावा लागतो, आणि तो विचारायला १७०० साली बर्नार्डिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने शिकवले: तुम्ही काम काय करता? कारागिरांच्या आजारांवरच्या त्याच्या ग्रंथात पाऱ्याने सोन्याचा मुलामा देणाऱ्यांचे हाल आहेत. हा मुलामा आपल्याकडचाही. विजेने मुलामा देण्याची रीत येण्याआधी कळस, मुखवटे, मूठ-म्यान यांवर सोने चढवायचे ते पाऱ्यात कालवूनच, आणि मग जाळावर पारा उडवून. आपल्या देवळांच्या सोनेरी शिखरांकडे पाहताना तो जाळ कोणी फुंकला असेल, हे माझ्या मनातून जात नाही.

रामाझ्झिनीच्याही आधी, आजच्या स्लोव्हेनियातल्या इद्रिया इथे पाऱ्याच्या खाणीत १६६५ मध्ये कामाचा दिवस सहा तासांवर आणला गेला होता. म्हणजे पारा माणसाला कसा खातो हे साडेतीनशे वर्षांपूर्वी माहीत होते. ज्ञान नव्हते म्हणून हा आजार टिकलेला नाही.

विसाव्या शतकात पाऱ्याचे नाव जगाला झाले ते जपानमधल्या मिनामाता या गावामुळे, आणि त्यातून एक घोटाळाही झाला. मिनामातात कारखान्याच्या सांडपाण्यातून मिथिल पारा समुद्रात गेला, माशांत साठला आणि मासे खाणाऱ्यांच्या अंगात आला. तिथला आजार अधिकृतपणे पहिल्यांदा नोंदला गेला तो १ मे १९५६ रोजी. तेव्हापासून पाऱ्याची विषबाधा म्हणजे मासे, अशी गाठ डॉक्टरांच्याही मनात बसली. सोने काढणाऱ्याचा आजार वेगळा आहे. त्याच्या अंगात वाफ जाते, मासा नव्हे. या दोन आजारांची लक्षणे, तपासण्या आणि उपचार वेगळे आहेत. केसांची तपासणी माशांतून आलेला पारा दाखवते. वाफेचा अंदाज घ्यायचा तर लघवी तपासावी लागते, तीही क्रिएटिनिनच्या प्रमाणात मोजून. रक्त फार तर गेल्या काही दिवसांचे सांगते. जर्मनीच्या जैवनिरीक्षण आयोगाने लघवीसाठी दोन पायऱ्या ठरवल्या आहेत: लिटरमागे ७ मायक्रोग्रॅमपर्यंत चिंतेचे कारण नाही, २५ च्या वर गेले की हालचाल करायला हवी. केस तपासून ‘सर्व ठीक’ असा शेरा घेऊन आलेला झारेकरी मुळीच ठीक नसू शकतो. हे दोन्ही पारे एकमेकांना अगदीच परके आहेत असे मात्र नाही. धुरातला आणि धुणातला पारा अखेर गाळात उतरतो, तिथले जिवाणू त्याचा मिथिल पारा करतात, आणि खाणीपासून शेकडो मैलांवरचा कोळी त्याचा धनी होतो. ॲमेझॉनच्या नदीकाठच्या गावांत हेच झाले.

आकड्यांना बगल द्यायची नाही म्हणून दोन सांगतो. माणसाच्या उद्योगांतून हवेत जाणाऱ्या पाऱ्यापैकी सुमारे ३८ टक्के पारा सोन्याच्या छोट्या धंद्यातून जातो, असे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०१८ च्या अहवालात आहे. कोळसा जाळण्याचा वाटा त्याहून कमी. आणि २०१७ मधल्या एका अंदाजानुसार ३३ ते ६५ लाख माणसांना या वाफेची मध्यम स्वरूपाची दीर्घकालीन विषबाधा झालेली असावी.

अशा माणसांना ओळखायचे कसे, याचे उत्तर प्रयोगशाळेत नव्हे तर फिलिपिन्समधल्या दिवाता डोंगरावर आकाराला आले. १९९९ मध्ये गुस्ताव ड्राश आणि श्टेफान ब्योझे-ओरायली यांच्यासह एक जर्मन गट तिथे गेला. पाऱ्याच्या आकड्यावरून आजार नीट ओळखता येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. कोणी कमी पाऱ्यानेही मोडतो, कोणी जास्त घेऊन चालत राहतो. म्हणून त्यांनी लक्षणे, तपासणी आणि साध्या चाचण्या यांची बेरीज करून निदान बांधले. त्यातली काडेपेटीची चाचणी मला फार आवडते. टेबलावर काड्या ठेवायच्या, आळीपाळीने डाव्या-उजव्या हाताने एकेक उचलून पेटीत घालायची, आणि वेळ मोजायची. दुसरी चाचणी पेन्सिलीची: दहा सेकंदांत कागदावर किती ठिपके उमटतात? तिसरी, सांगितलेले आकडे आठवून म्हणण्याची. यासाठी वीज लागत नाही, वातानुकूलित खोली लागत नाही. गोदाघाटाच्या पायरीवर बसून हे करता येते. म्हसरूळला आपले आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. पंचवटीतून तिथे जायला कितीसा वेळ लागतो? तिथून एक काडेपेटी सराफ बाजारापर्यंत यावी, एवढी इच्छा धरून मी हे लिहितो आहे.

आता त्या प्रश्नाकडे येतो, ज्यामुळे मला हे पुस्तक मराठीत हवे वाटले. पाऱ्यावर जगाने एक करार केला आहे. मिनामाताचेच नाव त्याला दिले. २०१३ मध्ये तो कुमामोतोत मंजूर झाला, १६ ऑगस्ट २०१७ पासून अमलात आला, आणि भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. सोन्याच्या छोट्या धंद्यासाठी त्यात स्वतंत्र कलम आहे. पाऱ्याचा गोळा उघड्यावर जाळणे आणि राहत्या वस्तीत जाळणे या दोन्ही गोष्टी संपवायच्या आहेत, असे परिशिष्टात स्पष्ट लिहिले आहे. वाचताना वाटते, हे सराफ बाजाराच्या मागच्या खोल्यांसाठीच लिहिले असावे. पण कराराच्या व्याख्येत हा धंदा म्हणजे खनिजातून सोने काढणे. झारेकऱ्याच्या घमेल्यात खनिज नाही. तिथे गटाराचा गाळ आहे, केरसुणीने लोटलेली धूळ आहे. त्याच्या खापरावर उडणारा पारा तोच, मेंदूपर्यंतची वाट तीच, पण तो खाणकामगार ठरत नाही. इकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने पाऱ्याची विषबाधा हा कळवणे बंधनकारक असलेला आजार ठरवला. पण त्यासाठी कारखाना हवा, आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गोळा तापवणारे कुटुंब कारखाना नव्हे. एक दार म्हणते तू खाणीतला नाहीस, दुसरे म्हणते तू कारखान्यातला नाहीस.

याच रांगेत आणखी काही आपली माणसे आहेत. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून बाहेर पडलेले गलाई बांधव देशभरातल्या शहरांत जुने सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचे काम करतात. त्यांच्या कामात तेजाबाचा पिवळट तांबूस धूर असतो. तो फुप्फुसाला जाळतो आणि निदान खोकला आणून आपण असल्याचे सांगतो. पारा तेवढेही करत नाही. सराफ बाजारातल्या माडीवरच्या खोलीत दहा-बारा तास मांडी घालून बसणारे बंगाली कारागीर, गलाईवाले आणि झारेकरी, यांची हवा एकमेकांत मिसळलेली आहे. ज्याने पारा कधी हातात धरला नाही, त्याच्याही श्वासात शेजारच्या खोलीतला पारा येऊ शकतो. पेरू आणि ब्राझीलमध्ये सोने विकत घेऊन तिथल्या तिथे तापवणाऱ्या दुकानांभोवतीच्या वस्तीत हे मोजून पाहिले गेले आहे.

उपचाराबद्दल थोडक्यात. पारा शरीराबाहेर काढायला डीएमएसए आणि डीएमपीएस ही औषधे आहेत. ती लघवीतला पारा वाढवतात. मेंदूत झालेली हानी मात्र त्यांनी भरून येतेच असे नाही. औषध घेऊन माणूस पुन्हा त्याच खोलीत झोपायला गेला, तर गोळ्या आणि धूर यांची शर्यत लागते आणि धूर जिंकतो. म्हणून या आजारात औषधाच्या आधी खोली बदलते, किंवा खापर.

खापराचे नाव निघालेच आहे तर आपल्या परंपरेतली एक गोष्ट सांगतो. आपल्या रसशास्त्राने पाऱ्यावर शतकानुशतके विचार केला. ‘रसरत्नसमुच्चय’सारख्या ग्रंथांत पातनाची यंत्रे आहेत. डमरूयंत्र हे त्यांतले सोपे: दोन मडकी तोंडाला तोंड लावून, सांधा कापड-मातीने लिंपून बंद करायचा, खालच्यात हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे खनिज, ठेवून जाळ द्यायचा आणि वरच्या मडक्याच्या बुडावर ओले फडके ठेवायचे. उडालेला पारा वरच्या गार मडक्याला आतून चिकटतो. उघडून पुसून घेतला की परत हातात. आज जगभर खाणकामगारांना जी बंद भांडी वापरा म्हणून सांगितली जातात, त्यांचे तत्त्व हेच. वैद्याने पारा मौल्यवान म्हणून उडू दिला नाही. सोनाराने सोने मौल्यवान म्हणून पारा उडू दिला. मात्र बंद भांडे सुचवून प्रश्न सुटला, असे कुठे झालेले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेने २००२ ते २००७ या काळात सहा देशांत हा खटाटोप केला. कामगारांचे आक्षेप मन लावून ऐकण्यासारखे आहेत: वेळ जास्त लागतो, सोने तपकिरी दिसते म्हणून व्यापारी भाव पाडतो, आणि बंद भांड्यात माझे सोने मला दिसत नाही. शेवटचा आक्षेप अडाणीपणाचा नाही. ज्याची आठवड्याची कमाई नखाएवढ्या गोळ्यात आहे, तो तिच्यावरून नजर कशी काढेल?

फिलिपिन्समधल्याच बेंगेटच्या खाणकामगारांनी आणखी एक वाट काढली आहे. चूर पुरेसा जड आणि सोन्याने संपन्न करून घेतला, तर पाऱ्याऐवजी टाकणखार घालून तो सरळ वितळवता येतो. सोने तळाशी वेगळे होते. टाकणखार म्हणजे सवागी. ती आपल्या प्रत्येक सोनाराच्या पेटीत डबीभर असते. बेंगेटहून आपल्याला आणायची आहे ती चूर आणखी संपन्न करण्याची हातोटी, आणि झारण्यात पिढ्या घालवलेल्या माणसांना ती शिकवायला परका तज्ज्ञ लागेल असे मला वाटत नाही.

या विषयात कोणी यावे? डॉक्टरांनी यावे हे उघड आहे. पण रसायनाचा विद्यार्थी हवा, जो भिंतीवरचा पारा मोजेल. बोलीचा अभ्यासक हवा, कारण धूळ, झार, गोळा, उडणे या शब्दांचे धंद्यातले अर्थ कळल्याशिवाय प्रश्नावली लिहिता येत नाही. कायदा शिकणाऱ्याने ‘खनिज’ या एका शब्दावर महिनाभर बसावे. नदीचा अभ्यास करणाऱ्याला सराफ बाजाराखालून जाणारा सरस्वती नाला आणि पावसाळ्यात बाजारात शिरणारे पाणी ठाऊक असतेच. त्या पाण्याबरोबर गल्लीतला गाळ गोदावरीत कुठवर जातो, हे त्याने पाहावे. पुढची प्रकरणे या क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. ज्याला माणसे आवडतात त्याने लक्षणांच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, ज्याला हिशेब आवडतो त्याने हवेच्या.

पहिल्या भेटीला जाताना छापील फॉर्म नेऊ नका. सरकारी कागद पाहिला की झारेकऱ्याला पहिली आठवण गटार खरवडू नको म्हणून दटावणाऱ्याची होते. काडेपेटी न्या, पेन्सिल न्या, आणि सकाळी लवकर जा. आधी त्याचे काम पाहा. घमेल्याच्या तळाशी काळ्या चुरात चमक कशी वळणावर दिसते ते त्याच्याकडून शिकून घ्या. मग कधीतरी विचारा, “काका, तापवायचं काम कुठं करता? आणि तेव्हा घरात कोण कोण असतं?” बऱ्याचदा तो थोडा वेळ गप्प राहील आणि उत्तर आतून, चुलीपाशी बसलेल्या बाईकडून येईल, कारण गोळा तापवायचे काम पुष्कळ घरांत तिच्याकडे असते. वही तिकडे वळवा, आणि लिहून घेताना तिच्या मांडीवर मूल आहे का, तेही पाहा.

पंचवटी, नाशिक